पाटणचा मठ आणि दारातले ठिपके

पाचोऱ्याहून भडगावमार्गे चाळीसगाव गाठावे आणि तिथून दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगराकडे वळावे, की पाटणादेवीचे देऊळ लागते. तिथल्या शिलालेखात शके ११२८ ची श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाची वेळ नोंदलेली आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ, त्यातही ‘सिद्धान्तशिरोमणी’, पुढच्यांनी शिकावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा एकदम त्या काळच्या मराठीवर येते. कारण हिशेब गावकऱ्यांना कळायला हवा असतो. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला, तेलाच्या घाण्यांमागचे तेल मठाला, असा तो हिशेब. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. नातवाची आजोबांविषयीची कृतज्ञता आणि विद्या वाटण्याची तळमळ इतक्या नेटकेपणाने दगडावर उतरल्याचे उदाहरण मराठी मुलुखात विरळाच. मठ मात्र नामशेष झाला. भास्कराचार्यांचे गणित टिकले ते देशभर पसरलेल्या पोथ्यांच्या आधाराने.

त्याच मुलुखात, गिरणेच्या खोऱ्यात, पाचोरा-भडगाव-चाळीसगावच्या गावागावांत, आणखी एक भूमिती नांदत आली. तिला कोणा राजाने दान दिले नाही, तिच्यासाठी कोणी घाण्याचे तेल लावून दिले नाही, तिची पोथी नाही आणि तिच्या आचार्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. सकाळी सडा-सारवण झाले की ती दारात उमटायची आणि संध्याकाळपर्यंत पायांखाली, कोंबड्यांच्या नखांखाली पुसली जायची. ती आजही चालू आहे. ज्या विद्येला सर्व प्रकारचा आश्रय मिळाला तिची शाळा मोडली आणि जिला कसलाच आश्रय नव्हता ती घरोघर राहिली, याचे कारण शोधायला हवे. ‘बायकांची आवड’ म्हणून हा प्रश्न आजवर मिटवला गेला. मला ते उत्तर अपुरे वाटते. रांगोळी टिकली ती चालीरीतींच्या रचनेमुळे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला आले ते दुसरीला देणे हा त्या रचनेत रेघ ओढण्याइतकाच आवश्यक भाग होता. ज्याच्याकडून मिळाले त्याचे देणे त्यालाच परत करायचे नाही, तिसऱ्या कोणाला द्यायचे आणि मगच आपले काम पुरे झाले असे मानायचे, ही रीत तिच्या मुळाशी आहे.

हे म्हणताना एक मोह आधी बाजूला ठेवला पाहिजे. पाटणादेवीच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. एस. ए. साळी यांनी तिथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला आणि त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी कोरलेली आढळली. ज्या थरात तो सापडला त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. भारतात सापडलेल्या नक्षीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. याच तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातली तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने काढलेली नक्षी हाती आली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रांच्या प्रकारांत धूलिचित्राचा उल्लेख येतो. हे सगळे एका माळेत ओवून ‘आमची रांगोळी पंचवीस हजार वर्षांची’ असे म्हणणे सोपे आहे, आणि खानदेशाच्या अभिमानाला ते आवडेलही. पण कवचावरच्या जाळीपासून दारातल्या कमळापर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. मधल्या हजारो वर्षांत माणसे बदलली, नद्यांची पात्रे बदलली, शहामृगही गेले. या पुराव्यावरून एवढेच म्हणता येते, की रेघ पुन्हा पुन्हा ओढून एखादी जागा भरावी ही ओढ माणसाला फार पूर्वीपासून आहे. ओढ होती म्हणून प्रथा टिकली असे होत नाही. ओढ सगळीकडे असते, टिकण्याला व्यवस्था लागते, आणि आपला शोध त्या व्यवस्थेचा आहे.

पाचोऱ्याच्या दक्षिणेला त्याच डोंगररांगेत अजिंठा आहे, आणि नक्षी व कृतज्ञता यांची सांगड किती जुनी आहे याचा खरा पुरावा तिथे सापडतो. पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांची छते चौकोनांनी, वर्तुळांनी, कमळे आणि वेलींनी गच्च भरलेली आहेत. भिंतीवरच्या जातककथांकडे पाहणारे पुष्कळ असतात, मान वर करून छताकडे पाहणारे थोडे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले, तर सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने आपला मित्र, अश्मकाचा मंत्री भव्विराज, याच्या स्मरणार्थ करवले. मित्राचे ऋण फेडायला त्याने डोंगर कोरवून घेतला. अजिंठ्यात रंगवलेल्या दानलेखांचा एक ठरलेला साचा आहे: हे माझे दान, यातून जे पुण्य मिळेल ते आधी माझ्या आईवडिलांना आणि त्यांच्यासह सर्व प्राणिमात्रांना मिळो. पुण्य स्वतःकडे ठेवायचे नाही, ते वाटून टाकायचे, हा विचार पाचव्या शतकात या डोंगरात इतका रुळलेला होता की त्याचे शब्दही ठरून गेले होते. रांगोळी बौद्ध लेण्यांतून आली असे मी म्हणत नाही. दिलेले पुढे सरकवले पाहिजे ही समजूत या मुलुखात खोल गेलेली होती, इतकेच या लेखांवरून दिसते. लेण्यांना ती सांगायला शिलालेख लागले. बायकांनी ती शिलालेखाविना पाळली.

ती कशी पाळली हे कळायला ठिपक्यांच्या रांगोळीकडे जवळून पाहावे लागते. शिरगोळ्याच्या दगडाची भरड पूड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत घेतात. हात जमिनीला टेकत नाही, वीतभर उंचीवरही जात नाही. बोटे किंचित सैल पडली की पूड धारेने सुटते, आणि हात ज्या वेगाने सरकेल तशी रेघ जाड किंवा बारीक होते. आधी मधल्या ओळीत पंधरा ठिपके. वरच्या ओळीत चौदा, तेही खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मग तेरा, बारा, असे आठपर्यंत. तसेच खाली. हे सगळे मिळून १६९ ठिपके होतात आणि त्यांचा षट्कोन बनतो. पण कोणी कोणाला १६९ सांगत नाही. सांगतात फक्त ‘पंधरा ते आठ’. एवढ्या दोन आकड्यांत ऐकणारीला सगळी मांडणी कळते, आणि मग कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा एवढे दोन-तीन पाकळ्यांपुरते दाखवले की उरलेली रांगोळी ती स्वतः पुरी करते, कारण जे एका कोपऱ्यात तेच बाकीच्या पाच कोपऱ्यांत. म्हणजे ही नक्षी मुळातच सांगण्यासाठी, लक्षात ठेवण्यासाठी आणि दुसरीच्या हाती सोपवण्यासाठी घडलेली आहे. एकटीलाच जपून ठेवायची असती तर तिला इतका सुटसुटीत सांगावा लागला नसता. तामिळनाडूतल्या कोलमकडे १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी वळले, आणि दारातल्या या आकृत्या थोड्या नियमांतून कशा उभ्या राहतात हे त्यांनी संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. पाटणच्या मठात जे गणित शिकवायचे होते त्याच्या वारसांनी, आठ शतकांनी का होईना, दारातल्या गणिताची दखल घेतली.

आता व्रतांकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तिथे आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज तेहतीस गोपद्मे काढायची, असे गोपद्मांचे व्रत चातुर्मासाच्या कहाण्यांत सांगितलेले आहे. गाईच्या पावलाचा छोटा ठसा, तोच, तसाच, तेहतीस वेळा, चार महिने, आणि असे पाच वर्षे. पाच वर्षांनी उद्यापन. उद्यापनाशिवाय व्रत पुरे होत नाही, आणि उद्यापन म्हणजे कोणाला तरी जेवू घालणे, वाण देणे. कहाणीतही हा वसा आपोआप मिळत नाही. कृष्ण तो सुभद्रेला सांगतो. आपल्या बहुतेक कहाण्यांचा घाट हाच आहे. कोणी तरी काही करताना दिसते, दुसरी विचारते की बाई, हे काय करता, मग तिला वसा सांगितला जातो, ती तो घेते, आणि कहाणी ऐकणाऱ्या बायकांपर्यंत तो येऊन पोचतो. म्हणजे विचारणे, सांगणे, घेणे, करणे आणि शेवटी वाटणे अशी पाच पावले ठरून गेली आहेत. रेघ ओढणे हे त्यांतले चौथे. आपण इतिहास लिहिताना फक्त चौथ्याकडे बघतो, त्याला कला म्हणतो आणि बाकीची चार धर्मभोळेपणा म्हणून सोडून देतो. माझ्या मते प्रथा जगवली ती या सोडून दिलेल्या चार पावलांनीच.

शिवाय दारात काय काढायचे हेही मनाला येईल तसे नव्हते. खानदेश हा कापसाचा, बैलांचा, विहिरींचा आणि पावसाच्या लहरीवर जगणारा मुलूख. नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर नाग, त्या दिवशी नांगर नाही, खणणे नाही. वसुबारसेला गाय-वासरू. दिवाळीच्या पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी. रथसप्तमीला सूर्याचा रथ, आणि त्यासमोर उतू जाऊ दिलेले दूध. चैत्रात जिथे चैत्रांगण काढतात तिथे तर सूर्य, चंद्र, कासव, तुळस, गाईची पावले, पाळणा, सगळे एकाच अंगणात येते. शेतकऱ्याच्या घरावर कोणाकोणाचे देणे आहे त्याची ही वही म्हणावी अशी ही चित्रे आहेत. आणि देवाला नुसते चित्र मिळते. चित्राबरोबरचे खाणे माणसांना. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत वाण लुटणे. तापीपलीकडे सातपुड्यात गेले तरी हीच रीत दुसऱ्या रूपात भेटते. भिलाला आणि राठवा घरांत नवस फेडायला भिंतीवर पिठोरा लिहून घेतात, घोड्यांच्या रांगाच्या रांगा, आणि त्या दिवशी यजमानाने गावाला जेवू घालायचे असते. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा वारली चौक सवाष्णी मिळून लिहितात. समाज वेगळे, देव वेगळे, रंग वेगळे, पण चित्र पुरे होते ते वाटपाने, हे सगळीकडे सारखे.

मग ही विद्या गावोगाव फिरली कशी? याचे उत्तर सासर-माहेरात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई, कुठे तिला गुलाबाई म्हणतात, घरोघर फिरते, आणि गाणी झाल्यावर झाकलेला खाऊ ओळखायचा खेळ होतो. पुरुषांच्या विद्या मठात, पेठेत, कचेरीत देवाणघेवाणीला येत. बायकांना हे दोन-चार सण हीच बाजारपेठ होती. पाचोऱ्याच्या लेकी वरखेडीला, शेंदुर्णीला, पहूरला, जामनेरला दिल्या जात आणि तिकडच्या इकडे येत. पाचोरा-जामनेर ही अलीकडेपर्यंत धावणारी छोटी गाडी या सोयरिकीच्या वाटेवरूनच जायची. नव्या सुनेने सासरी येताना आणलेली एखादी मांडणी, आणि आखाजीला माहेरी जाताना तिने सासरहून नेलेली दुसरी, अशा हजारो फेऱ्यांतून नक्षी पसरली असे मानणे मला सर्वांत सयुक्तिक वाटते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्याही अशाच तोंडी होत्या. मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी त्या टिपून ठेवल्या नसत्या आणि १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या नसत्या, तर बहिणाबाईंचे नाव महाराष्ट्राला कळले नसते. रांगोळीच्या बाबतीत टिपणारे कोणी भेटले नाही. नावे गेली, पण मांडण्या राहिल्या, कारण त्या आधीच दुसऱ्या हातात गेलेल्या होत्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कृतज्ञता वगैरे आजच्या सुखवस्तू माणसाने मागे लावलेली शब्दांची झालर आहे. पहाटे उठून शेणाचा सडा घालणे, सारवणे, पाणी भरणे या ढोरमेहनतीतला रांगोळी हा एक भाग होता, आणि व्रते तर भीतीवर उभी होती. आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. गोपद्मांच्या कहाणीत वसा न घेतलेल्यावर जी आपत्ती यायची ती ऐकून अंगावर काटा येतो. सुभद्रा वसा घेते ती त्या धाकाने. सारवणाच्या कष्टांना तर उपमाच नको. पण चालीरीतीने घरच्या बाईकडून किमान किती मागितले होते ते पाहा. उंबऱ्यापाशी दोन रेघा, एक स्वस्तिक, हळदकुंकवाचे बोट. इतके केले तरी दार अशुभ राहत नसे. धाकाने किंवा सक्तीने काम करणारा माणूस किमान करून मोकळा होतो. इथे दोन रेघांवर भागत असताना १६९ ठिपके मांडले गेले, सणाला अंगण कमी पडेपर्यंत मांडले गेले. हा जो मागितल्यापेक्षा अधिक दिलेला भाग आहे त्याचा खुलासा भीतीने होत नाही. कृतज्ञता म्हणजे मनात दाटून येणारी भावना एवढाच अर्थ धरला तर तिचा पुरावा इतिहासात कधीच मिळणार नाही, कोणाच्याच बाबतीत. मागितले त्याहून जास्त द्यायचे आणि ते स्वतःकडे ठेवायचे नाही, हे वागणे मात्र डोळ्यांना दिसते, आणि त्यालाच मी पुरावा मानतो.

दुसरा आक्षेप ध्यानाचा. ठिपके जोडताना बाईचे मन चुलीवरच्या दुधात आणि रडणाऱ्या पोरात असणार. त्याला ध्यान म्हणणे हा आजचा शौक. हा शौक जगभर आहे हे खरे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समध्ये रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘झेंटँगल’ नावाची पद्धत रूढ केली. साडेतीन इंचांच्या चौकोनी कागदावर कोपऱ्यांत चार ठिपके, मग कडा, मग एकच छोटी आकृती पुन्हा पुन्हा काढत जागा भरायची. तिची पहिली पायरी कृतज्ञतेची आहे: हातातला कागद, लेखणी, मिळालेला निवांत वेळ यांचे आभार मानायचे. शेवटी आपले काम हात लांब करून निरखायचे. तिकडच्या माणसांना यातून जो निवांतपणा मिळतो त्याविषयी मला आदर आहे, आणि ठिपके, पुनरावृत्ती, आभार या तिन्ही गोष्टी तिथे स्वतंत्रपणे एकत्र आल्या याचे नवल वाटते. पण तिथे कागदावर सही होते, तो जपून ठेवला जातो, आणि शांतता ज्याची त्याला लाभते. आपल्याकडे चालीरीतीने मनाची हमी मागितलीच नाही. तिने फक्त हाताला बांधले: अंघोळ झाल्यावर, तोंडात काही घालण्याआधी, ठरलेल्या संख्येत, तोच आकार. जपमाळेतही हेच असते. मणी ओढणाऱ्याचे मन रोज जागेवर असते असे कोणीच म्हणत नाही, तरी जपाला आपण साधना म्हणतो. चार महिने रोज तेहतीस वेळा एकच ठसा काढणाऱ्या बाईला तोच मान नाकारायचे कारण मला दिसत नाही. दूध उतू गेले असेल, पोर रडले असेल, आणि त्यातूनही तेहतिसावे गोपद्म निघाले असेल, तर त्या नेमाची किंमत वाढतेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. वाटायचे, पण कोणाला? खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवात याचे लख्ख उत्तर मिळते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून गहू घेतात, त्यांचे रोट होतात, आणि ते रोट खायचे भाऊबंदांनीच. भावकीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. विसर्जनाला गाव लोटते, पण ताट भावकीपुरते. हळदीकुंकवाची कथा याहून कठोर. विधवेला त्यात जागाच नव्हती. कालपर्यंत जिच्या हातून सगळ्या आळीने मांडण्या उचलल्या तिला नवरा गेला त्या दिवसापासून ओटी बंद, वाण बंद. वस्तीची रचना तर त्याच्याही आधीची भिंत होती. गावकुसाबाहेरच्या बाईने आळीतल्या दारांपुढे रेंगाळून नक्षी बघावी ही मुभा तिला नव्हती. तेव्हा वाटण्याची ही व्यवस्था सर्वांसाठी खुली होती असे मी म्हणू शकत नाही, आणि म्हणू नये. तरी एक फरक नोंदवला पाहिजे. रोट अडवता येतो, वाण अडवता येते, पण जी नक्षी उंबऱ्याच्या बाहेर काढायची तिच्याकडे बघणे अडवणे कठीण. रेघ नेहमी दाराच्या रस्त्याकडच्या बाजूला असते. म्हणूनच माणसांनी घातलेल्या बांधांपेक्षा नक्षी दूर गेली. आणि बांध हलतातही: २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवरच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. ज्या प्रथेचा प्राण वाटण्यात आहे तिने आपल्याच निम्म्या शिक्षिकांना दाराबाहेर उभे केले होते. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे तिच्या टीकाकारांआधी बोलायला हवे.

आजची तक्रार वेगळी आहे. पाचोऱ्यात धाब्याची घरे जाऊन स्लॅबची आली, सारवलेल्या अंगणाच्या जागी फरशी आली. फरशीवर पूड घसरते, झाडू मारला की सगळे साफ. म्हणून भोकाभोकांचे छापे आले, नक्षीच्या नळ्या आल्या आणि शेवटी दारात चिकटवायची कागदी रांगोळी आली, जी वर्षभर तशीच राहते. चिकटवलेल्या रांगोळीवर माझा राग सौंदर्याच्या कारणाने नाही. काही नक्षी खरोखर देखण्या असतात. पण ती बघून कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी सांगण्यासारखे काही नसते, फार तर दुकानाचे नाव. पाच पावलांपैकी चार तिथे एका फटक्यात गळतात. मोबाइलची गोष्ट मात्र तशी नाही. दिवाळीत एका सकाळी जितक्या रांगोळ्यांची छायाचित्रे घराबाहेर पडतात तितक्या आमच्या आज्यांनी जन्मभरात पाहिल्या नसतील. वाटणे वाढलेच आहे, हे मान्य करायला हवे. अडचण एवढीच की छायाचित्रात शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही. रंग भरले की ठिपके झाकले जातात, आणि मांडणी किती ओळींची, कुठली रेघ आधी, हे नुसत्या चित्रावरून उकलायला जुनी जाणती हवी. म्हणून ज्या बायका छायाचित्राखाली ‘१५ ते ८’ एवढे दोन आकडे लिहून ठेवतात त्यांना मी चांगदेवाच्या पंगतीत बसवीन. आणि जिथे ते आकडे लिहिलेले नसतात तिथे खाली लगेच कोणी तरी विचारते, ‘ताई, ठिपके किती?’